बडग्या जळतो, भिंत राहते

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाच्या, आधीच्या पंधरवड्यात नागपुरात इतवारी-महालाकडच्या गल्ल्यांतून गेलं की एखाद्या घराच्या ओसरीत बांबूच्या कमच्या वाकवत बसलेली पोरं हमखास दिसतात. कुणी खळ लावून रद्दी चिकटवत असतं, कुणी जुन्या साडीतून बडग्याचा, म्हणजे मिरवून जाळायच्या पुतळ्याचा, सदरा बेतत असतं. एक पोरगा मांडीवर पुठ्ठा घेऊन बसलेला असतो आणि त्यावर काय लिहायचं यावरून तिथं जुंपलेली असते. महागाई घ्यायची की रस्त्यावरचे खड्डे? पेपरफुटी घेतली तर लोकांना पटकन कळेल का? नाव घ्यायचं की नुसता इशारा करायचा?

मी तिथं थांबते. गेली अठरा वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवते आणि असा वाद माझ्या वर्गात मला क्वचितच ऐकू आला आहे. वर्गात कोरा कागद समोर ठेवला की पहिला प्रश्न येतो, "मॅडम, काय काढाचं?" ओसरीतल्या पोरांना हा प्रश्न पडत नाही. काय सांगायचं ते त्यांचं ठरलेलं असतं, भांडण असतं ते कसं सांगायचं यावर. आणि कधीकधी अगदी तीच पोरं सोमवारी माझ्या वर्गात येऊन माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

मारबत म्हणजे रोगराई घेऊन जावी म्हणून मिरवून जाळायचा बाईचा मोठा पुतळा. काळ्या मारबतीची परंपरा 1881 पासूनची आणि पिवळीची 1885 पासूनची सांगितली जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही मिरवणुका निघतात, इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ एकमेकींना भेटतात आणि मग गावाबाहेर नेऊन जाळल्या जातात. "इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" ही आरोळी नागपुरात वाढलेल्या प्रत्येकाच्या कानात असते. मारबतींसोबत बडगे निघतात. त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचा पुतळा. बडगे करायला कुठल्या खात्याची योजना लागत नाही, वस्तीत वर्गणी होते, जागा कुणीतरी देतं, हात पोरांचे असतात. सामूहिक कला हा शब्द आपण आता प्रकल्पांच्या अर्जांत वाचतो. ती गोष्ट या शहरात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि तिचा विषय दरवर्षी वस्तीच ठरवते.

पण या परंपरेत एक अट आहे. बडग्या त्याच दिवशी जाळायचा. सकाळी पोरं पुतळ्याच्या गळ्यात पाटी अडकवून जे बोलतात त्याची संध्याकाळी राख झालेली असते. दुसऱ्या दिवशी कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. शहर इतक्या वर्षांपासून हे कौतुकानं खपवून घेतं, त्याचं एक कारण मला हेच वाटतं. तरुणांचं बोलणं एका दिवसापुरतं असलं की सगळ्यांना चालतं. ते भिंतीवर आलं, वर्षभर तिथं राहणार म्हटलं, की लगेच चित्र बदलतं. हे मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून लिहिते आहे.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या घरांत शिरली. अंबाझरी लेआउटमधल्या बंगल्यांची, सीताबर्डीजवळच्या मोरभवन बसस्थानकाची छायाचित्रं सगळीकडे फिरली. नदीकाठच्या ज्या वस्तीत मी जाते तिथली फिरली नाहीत. दिवाळीनंतर आम्ही तिघींनी, म्हणजे मी, एक नाटकात काम करणारी मैत्रीण आणि तिथल्या अंगणवाडीच्या ताई, तिथल्या समाजभवनात दर रविवारी बारा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना जमवायला सुरुवात केली. गाणी, थोडं नाटक, थोडं चित्र. पुढे एका सरकारी कार्यालयानं आपल्या आवाराची लांबलचक भिंत रंगवायला देऊ केली. प्राइमर, इमल्शन, ब्रश, सगळं त्यांचं. विषयही त्यांचाच होता: स्वच्छ शहर, सुंदर शहर.

मुलं गप्प बसली. मग मैत्रिणीनं त्यांना एवढंच विचारलं, की त्या रात्री तुम्ही कुठे होता? पुढचे दोन तास कुणी गप्प नव्हतं. आठवीतल्या एका मुलीनं वहीच्या मागच्या पानावर आपल्या घराचा ओटा काढला. ओट्यावर शेगडी, शेगडीच्या वर फळी, फळीवर कुकर, आणि कुकरच्याही वर पेनानं ओढलेली एक आडवी निळी रेघ. ती म्हणाली, "इथवर होतं पाणी. आई धाकट्याले घेऊन पेटीवर उभी होती." एका मुलानं शेजारच्या आजीची शेळी काढली, जी सापडली नाही. दुसऱ्यानं आधार, रेशनकार्ड, मार्कशीट भरलेली प्लॅस्टिकची पिशवी डोक्यावर धरलेले वडील काढले. माणूस गळ्यापर्यंत पाण्यात आणि पिशवी कोरडी. मी कितीही शिकवलं असतं तरी अशी रचना माझ्या डोक्यात आली नसती.

आम्ही तीच चित्रं भिंतीवर घ्यायचं ठरवलं. दोरी ताणून, खडूनं चौकटी आखून मुलांनी तीन दिवसांत रेखाटन पुरं केलं. निळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेली. चौथ्या दिवशी एक साहेब पाहायला आले. ते वाईट माणूस नव्हते, मुलांच्या हाताचं त्यांनी मनापासून कौतुक केलं. मग म्हणाले, "चांगलं आहे, पण सकारात्मक काहीतरी घ्या. पाहुणे येतात इथं." पाचव्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तर भिंत पांढरी झालेली होती. आम्हाला नवीन नमुना मिळाला: झाड, सूर्य, झाडू घेतलेली हसरी मुलं.

मी हो म्हटलं, आणि ती चूक माझी आहे. रंग आलेले होते, मुलांना प्रमाणपत्रं मिळणार होती, आणि पुढच्या वेळी तरी जागा मिळावी असं मला वाटत होतं. मुलांनी झाड काढलं, सूर्य काढला. कुकर काढणारी मुलगी त्या आठवड्यापासून यायची बंद झाली. भिंत आजही छान दिसते. तिच्यापुढे फोटो काढले जातात.

मुलांच्या सहभागावर काम करणारे रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली होती. शेरी अर्नस्टाईन यांनी 1969 मध्ये नागरिकांच्या सहभागासाठी केलेल्या शिडीवरून ती घेतलेली. हार्ट यांच्या शिडीच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत, आणि त्यांतल्या एकीचं नावच सजावट असं आहे. मोठ्यांच्या कामाला शोभा यावी म्हणून मुलं आणून उभी करायची, त्यांना टी-शर्ट घालायचे, गाणं म्हणायला लावायचं, पण आपण इथं का आहोत याची त्यांना कल्पना नाही. मी हे वाचलं तेव्हा मला ती भिंत आठवली. आम्ही त्या मुलांना सजावटीला नेलं होतं.

आपल्या शहरात या सजावटीचा गेल्या काही वर्षांत पूर आला आहे. मार्च 2023 मध्ये जी-20 अंतर्गत सी-20 ची, म्हणजे नागरी संस्थांच्या गटाची, बैठक नागपुरात झाली तेव्हा पाहुण्यांच्या येण्याजाण्याचे रस्ते उजळून निघाले. भिंती रंगल्या, दिवे लागले. वाघ आले, संत्री आली, फुलपाखरं आली. त्यानंतर कुठलीही भिंत रंगवायची म्हटलं की तोच माल निघतो. शिवाय जिथं काही सुचत नाही तिथं वारली माणसं नाचतात. वारली चित्रं पालघर-डहाणूकडच्या आदिवासींची, लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांची. नागपूर वसवलं ते गोंड राजा बख्त बुलंद शाहनं. गोंड, हलबा, कोष्टी, तेली, महार, मुसलमान, छत्तीसगडहून आलेले मजूर, सिंधी, या सगळ्यांच्या घरांत काहीतरी रेखलं-विणलं-गायलं जातं. ते भिंतीवर येत नाही, कारण कंत्राटदाराच्या मोबाईलमध्ये वारलीचे नमुने तयार असतात. रंगवणाऱ्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना मी दोष देत नाही. त्यांना चौरस फुटावर पैसे मिळतात आणि त्यांनाही कुणी विचारलेलं नसतं.

मुलांना विचारायचं नाही, ही सवय आपण शाळेतच लावतो. आपल्याकडे चित्रकलेच्या तासाला प्रतिष्ठा आली ती शासकीय रेखाकला परीक्षेमुळे. इंटरमिजिएटची श्रेणी मिळाली की दहावीत वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक मुलांना क्लासला घालतात. त्या परीक्षेनं हजारो मुलांच्या हातात ब्रश दिला, हे मी नाकारत नाही, मी स्वतः त्यातूनच आले. पण स्थिरचित्रातला लोटा आणि स्मृतिचित्रातली जत्रा यांचं ठरलेलं गणित घोटून घेताना मुलाला स्वतःची जत्रा आठवायला वेळ उरत नाही. क्लासमध्ये सगळ्यांच्या जत्रेत उजव्या कोपऱ्यात फुगेवाला असतो. शिक्षण हक्क कायदा 2009 सांगतो की सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. पूर्ण वेळ नाही, अंशकालीन. कायद्यानंच कलेला आठवड्यातून काही तासांची पाहुणी ठरवलं आणि ती पाहुणीही अनेक शाळांत पोचलेली नाही.

यावर माझ्याशी भांडणारे लोक आहेत आणि त्यांतले काही माझ्या आदराचे आहेत. त्यांचं म्हणणं असं, की पोरांच्या हातात भिंत दिली तर उद्या ती जातीवर घसरतील, धर्मावर घसरतील, कुण्या पुढाऱ्याला शिवी लिहितील. 17 मार्च 2025 ला महाल-हंसापुरीत जे झालं ते ताजं आहे. ज्या गल्ल्यांतून मारबती जातात त्याच भागात त्या रात्री दगडफेक झाली, गाड्या जळल्या, अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. अशा शहरात तरुणांना मोकळं बोलू द्या म्हणणं बेजबाबदारपणाचं नाही का?

हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण त्या रात्री रस्त्यावर जे आलं ते मोकळेपणी बोलायला मिळाल्यामुळे आलं होतं का? तरुणांना दुसऱ्यांनी लिहिलेली घोषणा, दुसऱ्यांनी पाठवलेला व्हिडिओ आणि दुसऱ्यांचा झेंडा सहज मिळतो, त्यासाठी कुणी परवानगी मागत नाही. स्वतःचं काही बोलायला मात्र जागा नसते. महाल आणि मुस्लिमबहुल मोमिनपुरा यांच्यात पायी जाण्याइतकं अंतर आहे. पण या दोन्हीकडची पंधरा-सोळा वर्षांची मुलं एकत्र बसून काही तयार करतात अशी जागा मला शोधूनही सापडली नाही. क्रिकेटच्या मैदानावर ती समोरासमोर येतात, पण तिथं एकानं हरायचं असतं. नाटक बसवायचं म्हटलं तर दोघांना एकमेकांची वाक्यं पाठ करावी लागतात. एकानं दुसऱ्याचा बाप व्हायचं, दुसऱ्यानं त्याची शेजारीण. सहा रविवार हे केलं की दंगल थांबेल असं मी म्हणणार नाही. पण ज्याची वाक्यं तुम्ही पाठ केली, त्याच्या गल्लीत काय झालं हे तुम्ही फोनवर तपासून घेता, एवढं मी पाहिलं आहे.

आणि विषय मुलांनी ठरवायचा म्हणजे मोठ्यांनी उठून जायचं असा अर्थ होत नाही. ओसरीतल्या त्या पोरांमागेही आजोबा बसलेले असतातच. "हे लिहू नका बाप्पा, फलाण्याच्या घरी मयत झाली आहे," असं सांगणारे. वस्तीतला तो संकोच वस्तीतूनच येतो, कुण्या कार्यालयाच्या पत्रातून नाही. कुणाच्या माणूसपणावर हात टाकणारं चित्र आमच्या रविवारच्या वर्गातही एकदा आलं होतं. आम्ही ते पुसलं नाही, ज्याच्याबद्दल होतं त्या वस्तीतल्या दोन मुलांना पुढच्या रविवारी बोलावलं आणि चित्र मधे ठेवलं. ते चित्र काढणाऱ्यानं स्वतः उचललं. याला वेळ लागतो. पांढरा रंग मारायला एक रात्र पुरते.

ज्या परंपरेचं मी कौतुक करते आहे तिलाही हा प्रश्न विचारायला हवा. काळी मारबत कुणाची? एक सांगणं असं, की इंग्रजांना सामील झालेल्या बांकाबाई भोसले यांच्यावरचा तो राग आहे, दुसरं सांगणं तिला पूतना मावशी म्हणतं. दोन्हींत एक बाईच आहे, काळी केलेली, शिव्या देत मिरवलेली, शेवटी जाळलेली. भोसल्यांच्या राज्यात आणि त्यानंतर इंग्रजांना सामील झालेले पुरुष थोडे नव्हते. त्यांची मारबत निघाली नाही. बडगे करणाऱ्या ओसरीत मी इतकी वर्षं पाहते, पोरीचा हात कमचीला लागलेला मला फारसा दिसला नाही. पोरी गच्चीवरून बघतात. त्या दिवशी इतवारीत पोरींनी घराबाहेर पडू नये असं घरोघरी सांगतात, आणि त्या गर्दीत काय होतं हे माहीत असलेली कुठलीही बाई ते चूक म्हणणार नाही. म्हणून मला मारबतीचं जसंच्या तसं अनुकरण नको आहे. एका विषयावर वस्ती वर्गणी काढते, भांडते, आणि मुलांच्या हातून ते बोलते, हा तिचा गाभा हवा आहे. त्यात पोरी हव्यात. आमच्या रविवारच्या वर्गात पहिल्या महिन्यात सतरा मुलगे आणि चार मुली होत्या. वेळ संध्याकाळी पाचवरून सकाळी अकरावर आणली तेव्हा मुली तेरा झाल्या. कुणाची मानसिकता बदलायला आम्ही गेलो नव्हतो, फक्त अंधार पडायच्या आत घरी जाता येईल एवढं केलं. अशा गोष्टी प्रकल्पाच्या अहवालात येत नाहीत.

या भागात अशी कला बाहेरून आणावी लागत नाही हे पुन्हा सांगते. खडी गंमत आणि दंडार या विदर्भाच्या लोककलांत गावातल्याच पोरांनी गावातल्याच लोकांवर बोलायचं असतं. तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेतली आणि शेतकऱ्याला कळेल अशा शब्दांत स्वच्छतेपासून सावकारीपर्यंत सगळं गायलं. दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक येतात तेव्हा पुस्तकांच्या दुकानांइतकीच गर्दी गाणाऱ्या, पथनाट्य करणाऱ्या पोरापोरींभोवती असते. 14 ऑक्टोबर 1956 ला ज्यांनी धम्म स्वीकारला त्यांच्या नातवंडांनी ढोलकी-हार्मोनियमवरचं भीमगीत रॅपपर्यंत आणलं आहे. उत्तर नागपुरात कित्येक बुद्धविहारांत वर अभ्यासिका आणि खाली तालीम असं चालतं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत वडशाच्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर प्रयोग करतात आणि लोक तिकीट काढून पाहतात. म्हणजे लोकांना स्वतःच्या गावचं, स्वतःच्या बोलीतलं बघायचं असतं. फक्त शहरातलं सांस्कृतिक धोरण त्यांना श्रोते धरून चालतं.

नागपुरात सभागृहं कमी नाहीत. रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह 2017 मध्ये झालं, सुमारे 2,000 माणसं बसतात. सिव्हिल लाइन्समध्ये वसंतराव देशपांडे सभागृह आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं मुख्यालयच इथं आहे. 2019 मध्ये 99 वं अखिल भारतीय नाट्य संमेलन या शहरानं थाटात केलं. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण नदीकाठच्या वस्तीतल्या बारा मुलांना तालमीसाठी 2,000 खुर्च्या नको असतात. त्यांना पंखा असलेली, आतून कडी लागणारी, आठवड्यातून दोन दिवस नक्की मिळणारी एक खोली हवी असते. समाजभवनं आहेत, पण लग्नसराईत ती मिळत नाहीत आणि उरलेल्या दिवसांत किल्ली कुण्या कार्यकर्त्याच्या घरी असते. महापालिकेच्या बंद पडलेल्या मराठी शाळांच्या इमारती कुलूप लावून पडल्या आहेत. त्या प्रत्येक इमारतीत फळा आहे, पटांगण आहे, नळ आहे. शाळा बंद पडल्याचं दुःख वेगळं, त्यावर वेगळं लिहायला हवं. पण तिथला एक वर्ग वस्तीतल्या मुलांना द्यायला पैसाही फार लागणार नाही.

पैशाचं म्हणाल तर कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्याच्या सातव्या अनुसूचीत कला-संस्कृतीचा स्पष्ट उल्लेख आहे. बुटीबोरी आणि मिहान ही उद्योगक्षेत्रं इथून दूर नाहीत. मात्र कंपनीला मार्चअखेर दाखवता येईल असं काहीतरी हवं असतं, म्हणून जानेवारीत फोन येतो आणि दोन महिन्यांत भिंत पुरी करायची असते. दोन महिन्यांत मुलं नमुना गिरवू शकतात. स्वतःचं काय सांगायचं आहे ते शोधायला आमच्या मुलांना पाच महिने लागले, आणि त्यांतले पहिले दोन तर वाघ आणि संत्री काढण्यातच गेले. त्यांनाही शहराच्या भिंतींनी तेच शिकवलेलं होतं.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. 1984 मध्ये तिथल्या महापौरांनी भिंती खराब करणाऱ्या पोरांना आवरण्यासाठी एक मोहीम काढली. जेन गोल्डन नावाच्या चित्रकर्तीला त्या पोरांसोबत कामाला लावलं. तिनं त्यांच्यातले चित्रकार ओळखले आणि त्यांच्याकडून भिंतचित्रं करून घेतली. पुढे त्यातून शहराचा भिंतचित्रांचा स्वतंत्र कार्यक्रम उभा राहिला, आणि त्यातून आजवर 4,000 हून अधिक चित्रं झाली. तिथं चित्र ठरण्याआधी त्या मोहल्ल्यातल्या लोकांच्या बैठका होतात. चाळीस वर्षं टिकलं ते या बैठकांमुळे, असं मला वाटतं. आपल्याकडे महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, 1995 आहे. तो हवाच. पण बेकायदा फलकांबद्दल उच्च न्यायालय वर्षानुवर्षं महापालिकांना फटकारतं आणि तरी चौकाचौकात वाढदिवसाच्या शुभेच्छा झळकत असतात, तेव्हा सार्वजनिक जागेवर बोलायचा हक्क नेमका कुणाला आहे हे मुलांना आपोआप कळतं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेवर भारतानं 1992 मध्ये मान्यतेची मोहर उमटवली. तिच्या 31 व्या कलमात सांस्कृतिक जीवनात आणि कलांत भाग घेण्याचा हक्क आहे, 12 व्या कलमात आपल्याशी संबंधित बाबींत स्वतःचं मत मांडण्याचा. नदीचं पाणी घरात शिरणं ही त्या मुलीशी संबंधित बाब नव्हती का?

या कामाच्या बाजूनं बोलणारे लोकही एक गोष्ट म्हणतात, ती मला सलते. ते म्हणतात, पोरं चित्रात-नाटकात रमली की व्यसनाला, गुन्ह्याला लागत नाहीत. देणगी मागताना मीही हे वाक्य वापरलं आहे, आता वापरत नाही. सिव्हिल लाइन्समधल्या मुलीला पियानो शिकवताना ती गुन्हेगार होऊ नये म्हणून शिकवतो असं कुणी म्हणत नाही. तिला काहीतरी सुंदर करता यावं म्हणून शिकवतात. नदीकाठच्या मुलाच्या हातात ब्रश दिला की मात्र तो पोलिसांचं काम हलकं करण्यासाठी असतो. यात त्या मुलाबद्दलचा संशय आहे आणि तो त्याला कळतो. पिशवी डोक्यावर धरलेले वडील ज्यानं काढले, त्याच्याकडे मी एक चित्रकार म्हणून बघते. त्याचं पुढे काय होईल हे मला माहीत नाही. ते चित्र चांगलं होतं, एवढं कारण त्याला भिंत मिळायला पुरेसं आहे.

मला काय हवं, असं कुणी अधिकाराच्या खुर्चीवरून विचारलं तर उत्तर लहान आहे. महापालिकेनं प्रत्येक झोनमध्ये एक भिंत आणि एक खोली तरुणांसाठी राखून ठेवावी. तिथं विषय त्यांचा. जे रंगेल ते पुढच्या तान्ह्या पोळ्यापर्यंत राहील, मधे कुणी पुसणार नाही. आणि भिंतीवर जर महापालिकेला प्रश्न विचारलेला असेल तर त्याच भिंतीवर, शेजारी, तिनं लेखी उत्तर द्यावं. नदीची भिंत कधी बांधणार, नाला कोण उपसणार, जे असेल ते. उत्तर खोटं निघालं तर तेही वर्षभर तिथं राहील. बडग्याला कुणी उत्तर देत नाही, कारण तो थांबत नाही. भिंतीला द्यावं लागेल.

कुकर काढणारी मुलगी गेल्या वर्षी परत आली, आता ती अकरावीत आहे. कुणी बोलावलं नव्हतं, धाकट्या भावाला सोडायला आली आणि बसली. भिंतीचा विषय तिनं काढला नाही. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "मॅडम, चित्र राहू द्या. आपण मोजूया." कुणाच्या घरात पाणी कुठवर चढलं होतं ते घरोघरी विचारायचं, भिंतीवरचा डाग शोधायचा, टेप लावायचा आणि गल्लीतून त्या त्या उंचीवर घराबाहेर निळी पट्टी ओढायची, अशी तिची कल्पना. पट्टीखाली घरातल्या माणसानं सांगितलेलं एक वाक्य, त्याच्याच बोलीत. अकरा मुलामुलींनी चार रविवार मोजलं. बहुतेक घरांचे मालक हो म्हणाले. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सार्वजनिक भिंतीसाठी मुलांनी स्वतः अर्ज लिहिला आणि आवक खिडकीवर नेऊन दिला. पोच मिळाली आहे, तिच्यावर शिक्का आणि क्रमांक आहे. उत्तर अजून आलेलं नाही. मोजलेल्या उंच्या माझ्या वहीत आहेत: आजींचं घर, ज्यांची शेळी गेली, 3 फूट 9 इंच. अंगणवाडी, 4 फूट 1 इंच. किराणा दुकान, दुसऱ्या फळीपर्यंत. तिच्या घरी, ओट्याच्या वर, कुकरच्या वर, 5 फूट 2 इंच.